जुना प्राणी-निवारा नव्याने बांधताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवाऱ्याच्या फोनवर, सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि फाटकाशी उभं राहून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा देण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुमच्याकडे नक्की कोणती जनावरं असतात?

गाडीखाली आलेली, खरजेने केस गेलेली, जखमेत किडे पडलेली रस्त्यावरची कुत्री आणि मांजरं, हा मोठा भाग. मधूनच पायाला दोरी रुतलेलं एखादं गाढव येतं. संक्रांतीच्या आठवड्यात मांजाने पंख कापलेले पक्षी येतात. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, तरी येवल्यापासून पंचवटीपर्यंत त्या आठवड्यात तारांवर काय लटकतं ते सगळ्यांना दिसतं. गाई-म्हशी आम्ही ठेवत नाही. त्यांच्यासाठी पांजरपोळ आणि गोशाळा आहेत, आणि गोठ्यातल्या जनावरासाठी फिरता दवाखाना हवा असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. जंगली प्राण्यांबद्दल प्रश्न १८ पाहा.

२. आहे त्याचीच डागडुजी करा ना, पाडायचं कशाला?

बाहेरून बघणाऱ्याला रंग उडालेल्या भिंती आणि गंजलेल्या जाळ्या दिसतात. रंग गेल्याने कोणी मरत नाही. आमच्याकडे पिल्लं दगावतात ती फरशीमुळे.

खाली शहाबादी आहे. सांध्यांतलं सिमेंट केव्हाच निघून गेलंय. सकाळी मावशी खराट्याने घासायला लागल्या की फटींतून काळं पाणी वर येतं. धुवा, पुन्हा येतं. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा पार्वोचा विषाणू अशा ठिकाणी कित्येक महिने, कधी वर्षभर तग धरतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही, शिवाय फिनाईल मांजरांना विषारी असतं ते वेगळंच. पार्वोला ब्लीच लागतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि जमीन दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. पण खाली घाण साचलेली असली की ब्लीच त्या घाणीतच संपून जातं, विषाणूपर्यंत पोचतच नाही. म्हणून सांधे नसलेला सलग कोबा हवा, कोपरे गोल हवेत, आणि उतार फुटाला पाव इंच तरी हवा.

दुसरं दुखणं नालीचं. आजारी वॉर्डातलं पाणी पिल्लांच्या पिंजऱ्यांसमोरून उघड्या नालीने जातं. पाणी निरोग्यांकडून आजाऱ्यांकडे वाहायला हवं, इथे नेमकं उलटं आहे. ते फिरवायचं तर जोतंच बदलावं लागतं, आणि प्लास्टर मारून जोतं बदलत नाही.

३. नवीन इमारत झाली की किती जास्त कुत्री ठेवाल?

एकही नाही. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण गोलगोल बोलून पुढे भांडण होण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं. संख्या आहे तेवढीच राहील, जागा वाढेल. आज एका पिंजऱ्यात जमेल तशी जनावरं दाटीने राहतात. एकाला खोकला झाला की आठवड्यात ओळीतल्या सगळ्यांना होतो. नव्या नकाशात आल्या आल्या वेगळं ठेवायची खोली, संसर्गाचा स्वतंत्र वॉर्ड (त्याचं दार, नाली, बादल्या सगळं वेगळं), ऑपरेशनची खोली, आणि पिल्लांचा विभाग सर्वांत वरच्या अंगाला आहे.

आमच्या मते निवारा म्हणजे दवाखाना. बरं होऊन बाहेर पडायची जागा, आयुष्यभर डांबायची नव्हे. गोदाम बांधायचं असतं तर पत्र्याची शेड मारून महिन्यात मोकळे झालो असतो.

४. मग आमच्या गल्लीतली कुत्री उचलून नेणार नसाल तर आम्ही वर्गणी का द्यायची?

प्रश्न रागाने येतो, पण रास्त आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आपल्याकडे महापालिकेची जबाबदारी आहे. तक्रार तिथेच करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे नसबंदी, जंताचं औषध आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं हा अपवाद. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत, असं सांगितलं. ते निवारे उभारणं हेही स्थानिक संस्थेचंच काम. आमचं बांधकाम त्याची जागा घेत नाही.

मग तुमच्या गल्लीला फायदा काय? पाय मोडलेलं, पिसाळल्यासारखं वागणारं, किडे पडलेलं कुत्रं दारात पडलं तर फोन करायला एक जागा राहते. ती जागा बंद पडली तर ते कुत्रं तुमच्याच दारात राहणार.

५. खर्च नेमका कशावर होणार?

काम तीन टप्प्यांत आहे. पहिल्यात जोतं, जमिनीखालचे पाइप, चेंबर आणि संसर्गाचा वॉर्ड. दुसऱ्यात पिंजरे आणि ऑपरेशनची खोली. तिसऱ्यात कार्यालय, औषधांची खोली आणि राखणदाराची खोली. एका टप्प्याची बिलं चुकती झाल्याशिवाय पुढच्याचे पैसे गोळा करायचे नाहीत असं ठरलंय. सळई आणि सिमेंटचा भाव सारखा हलतो, म्हणून अंदाजपत्रक छापून वाटत नाही. ताजी प्रत कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली असते, कोणीही येऊन वाचावी, फोटो काढावा.

सगळ्यांना ऑपरेशनच्या खोलीसाठी द्यायचं असतं. गटाराच्या पाइपसाठी कोणी देत नाही. तुम्हाला खरंच वेगळं काही करायचं असेल तर पाइपांचे पैसे द्या.

६. महापालिका किंवा सरकार पैसे देत नाही का?

केंद्राचं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ १९६२ पासून आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थांना निवारा बांधणं, रुग्णवाहिका अशा गोष्टींसाठी त्याच्या अनुदान-योजना आहेत. अर्ज केला आहे. पण अनुदान मिळालं तरी त्यात सगळं बसत नाही आणि ते कधी येईल यावर जोत्याचं काम थांबवून ठेवता येत नाही. महापालिकेकडून आम्हाला हव्यात त्या परवानग्या, पाण्याची जोडणी आणि घंटागाडी वेळेवर.

७. रोख दिले तर चालतील? करात सवलत मिळेल?

रोख चालेल, पावतीही मिळेल, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या रकमेवर करसवलत मिळत नाही. त्याहून जास्त असेल तर चेक, यूपीआय किंवा बँकेतून द्या. पॅन क्रमांक लिहून द्या, कारण आम्ही देणगीची नोंद आयकराच्या पोर्टलवर केल्यावरच तुमचं प्रमाणपत्र निघतं. आमची हाताने लिहिलेली पावती त्यासाठी पुरत नाही. सवलत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर, तीही उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत नाहीच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पावतीसाठी घाई करणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य आधी वाचावं.

८. दोनशे-पाचशे रुपये दिले तर लाज वाटते. घेता का?

घेतो. पावती तेवढ्याच आकाराची असते.

९. वस्तू दिल्या तर? आमच्या साइटवर सामान उरलंय.

बिल्डर मंडळींचा हा प्रश्न नेहमीचा, आणि त्यांच्यामुळे पुष्कळ वाचतं. चालेल ते: बंद पोत्यातलं ताजं सिमेंट (तीन महिन्यांपेक्षा जुनं नको, त्याची ताकद उतरते), सिपोरेक्सचे ठोकळे, सळई, वेल्डमेश जाळी, पीव्हीसी पाइप, पाण्याच्या टाक्या, स्टीलची सिंक. नको ते: गुळगुळीत चकचकीत टाइल्स. ओल्या टाइलवर मोडक्या पायाचं कुत्रं उभंच राहू शकत नाही. जुने सिमेंटचे पत्रेही नकोत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि फुटले की त्याची धूळ श्वासात जाते. आणायच्या आधी फोन करा. मागे कोणीतरी रात्री फाटकाशी टेम्पो रिकामा करून गेलं आणि तो राडारोडा हलवायला आम्हालाच मजूर लावावे लागले.

वस्तूरूपातल्या देणगीवर करसवलत मिळत नाही.

घरगुती वस्तूंपैकी सुती चादरी, टॉवेल, रद्दी पेपर कायम लागतात. गाद्या आणि उशा नकोत. कुत्रं त्या दोन तासांत फाडतं, मग कापूस नालीत जातो आणि नाली तुंबते.

१०. लग्नातलं उरलेलं जेवण पाठवू का?

शक्यतो नको. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि कांद्याशिवाय आपली पंगत होत नाही. शिजवलेल्या हाडांचे तुकडे आतड्यात रुततात. चॉकलेट विषारी. आणि नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना अजिबात द्यायचे नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बागेतून क्रेट पाठवणाऱ्यांचं मन मोठं असतं, पण ती द्राक्षं आम्हीच खातो. साधा भात उरला असेल, नुसता, मीठ-मसाल्याशिवाय, तर त्याच दिवशी आणून द्या.

११. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी यासाठी घेता येतो का?

येतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणीकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते, ती आहे. कंपन्यांना इमारत आवडते, कारण तिचा फोटो निघतो. जानेवारी ते मार्चमध्ये खर्च दाखवायची घाईही असते. आमची विनंती अशी की बांधकामाइतकाच विचार पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पगारांचा करा. डॉक्टर आणि सफाई कामगार नसतील तर नवा कोबाही सहा महिन्यांत जुन्या फरशीसारखाच होईल. कर्मचाऱ्यांना शनिवारी भिंती रंगवायला आणायचं असेल तर आणा, पण पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही; तिथला रंग कुत्री चाटतात.

१२. माझा मुलगा अमेरिकेत आहे, त्याने पाठवले तर?

तो भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परकीय देणगी ठरते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. आमच्याकडे ती नाही. अशा वेळी पैसे परत पाठवावे लागतात आणि त्यात सगळ्यांचाच वेळ जातो. ‘आईच्या खात्यावर टाकतो, ती देईल’ हा मार्ग सुचवणारे बरेच आहेत. त्याला आमचं उत्तर नाही असंच आहे.

१३. बांधकाम चालू असताना जनावरं कुठे जाणार?

खरी कसरत इथेच आहे. सगळं एकदम पाडता येत नाही. एक ओळ रिकामी करायची, ती बांधायची, जनावरं तिथे हलवायची, मग पुढची ओळ. प्रत्येक फेरीत काही जनावरांना थोड्या आठवड्यांसाठी घरं लागतात, आणि पैशांपेक्षा आम्हाला त्या घरांचीच चणचण आहे. बाल्कनी किंवा गच्चीचा आडोसा, दिवसातून दोनदा फिरवणारा माणूस, एवढं पुरतं. औषधं, खाणं, डॉक्टर आमचे. घरात लस न घेतलेलं पिल्लू असेल तर मात्र थांबा, प्रश्न २ मधला पार्वो चपलेला लागूनही येतो.

पावसाळ्यात जोत्याला हात लावणार नाही. त्यात सिंहस्थ आलाय: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शहरातला निम्मा गवंडी रस्त्यांवर आणि घाटांवर लागलाय, खडीच्या गाडीला आठवडा आठवडा थांबावं लागतं. म्हणून ‘अजून काम दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा धीर धरावा.

१४. सोसायटी म्हणते कुत्रं आणायचं नाही. तात्पुरतंही नाही.

घरात प्राणी पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तशी मार्गदर्शक सूचना काढली आहे. पण कायद्याचा कागद घेऊन सचिवांशी भांडलात तर पुढची दहा वर्षं लिफ्टमध्ये त्यांचंच तोंड बघायचं आहे. आधी लसीचं कार्ड दाखवा, घाण स्वतः उचलू असं सांगा, मुदत सांगा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कळवा, आम्ही दुसरं घर शोधतो. आजारी जनावराला भांडणाच्या घरात ठेवण्यात अर्थ नसतो.

१५. स्वयंसेवक म्हणून यायचं आहे. काय लागतं?

प्राण्यांना हात लावायचा असेल तर वय १८ पूर्ण आणि रेबीजची आगाऊ लस. तिचे तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ‘मला कुत्री चावत नाहीत’ असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. वेदनेत असलेलं कुत्रं कोणालाही चावतं.

कॉलेजच्या मुलामुलींनी लस होईपर्यंत निराश होऊ नये. बिलं फाइलला लावणं, साइटवर आलेल्या सामानाची मोजणी, दत्तकासाठी फोटो काढणं, ही कामं कोणी करत नाही म्हणून पडून असतात.

१६. आणि चावलंच तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. लस तिथे मिळते आणि जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही लागतं. आगाऊ लस झालेली असली तरी दोन डोस पुन्हा घ्यावे लागतात, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण त्याची वाट बघत स्वतःची लस लांबवायची नाही.

१७. आम्ही निवाऱ्याच्या शेजारी राहतो. वास आणि भुंकणं वाढणार का? आणि ही जागा पूररेषेत तर नाही?

निवारा बांधला तेव्हा आजूबाजूला मळे होते, आता इमारती आहेत. तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वास येतो तो उघड्या नालीचा आणि फटींतल्या घाणीचा. दोन्ही जाणार आहेत. सांडपाणी गाळणीच्या चेंबरमधून भुयारी गटारात जाईल, नाल्यात नाही. भुंकण्याबद्दल खोटं आश्वासन देणार नाही. समोरासमोरचे पिंजरे काढून मध्ये भिंती घेतल्या आहेत, त्याने कमी होईल. कुत्र्याला समोर कुत्रं दिसलं की ते भुंकतं, न दिसल्यास बरंच गप्प राहतं.

पूररेषेचं विचारणारे जुने नाशिककर. २००८ चा पूर पाहिलेल्या माणसाला गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आपल्या घराची काळजी करता येते. आपल्याकडे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही. आमची जागा दोन्ही रेषांच्या बाहेर आहे, आणि मंजूर नकाशा कार्यालयात पाहता येतो.

१८. घार, साप, मोर, बिबट्याचं पिल्लू सापडलं तर तुमच्याकडे आणू?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हे वनविभागाचं काम. १९२६ वर फोन करा. मांजात अडकलेल्या घारीला आम्ही रक्त थांबवण्यापुरता हात लावतो आणि वनविभागाकडे देतो. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं दिसली तर उचलू नका, सेल्फी तर नकोच. तोड थांबवा, लांब व्हा, फोन करा. मादी बहुतेक वेळा जवळच असते आणि रात्री पिल्लं घेऊन जाते. पिंजऱ्यातला पोपटही याच कायद्यात येतो, हे सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात.

१९. आमचा लॅब्रॅडोर म्हातारा झालाय. मोठी देणगी देतो, ठेवून घ्याल?

नाही. देणगी घेऊन पाळीव कुत्री ठेवायला लागलो तर रस्त्यावरच्या जखमी जनावराला जागा उरणार नाही, आणि प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे जागा मोजकी आहे. बदली, आजारपण, घरातल्या कोणाचा मृत्यू अशा खऱ्या अडचणीत आम्ही नवीन घर शोधायला मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. रात्री फाटकाला बांधून जाणाऱ्यांसाठी: पशु क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं गुन्हा आहे, आणि फाटकावर कॅमेरा आहे.

२०. आईच्या नावाने वॉर्ड करायचा आहे. किती द्यावे लागतील?

वॉर्डांना नावं देणार नाही. प्रवेशाच्या भिंतीवर सगळ्या देणगीदारांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत येतील. समितीत यावर बरीच वादावादी झाली, काही मोठे देणगीदार त्यामुळे गेलेही. माझं मत विचाराल तर ठीक झालं. संसर्गाच्या वॉर्डला आपल्या आईचं नाव कोणी घेतलं नसतंच.

२१. पैसे जास्त जमले, किंवा काम मध्येच अडलं तर?

बांधकामाचं बँकखातं वेगळं आहे, त्यातून रोजचा खर्च होत नाही. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदलेली असल्याने दरवर्षी लेखापरीक्षण होतं आणि हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयात जातो. उरले तर पगार आणि औषधांच्या निधीत वळवू, पण देणगीदारांना आधी कळवून. पावतीमागे तशी ओळ छापली आहे. अडलं तर प्रश्न ५ मधल्या टप्प्यांचा उपयोग होतो: झालेला टप्पा वापरात राहतो, पुढचा सुरूच होत नाही.

२२. एकदा बघायला यायचं आहे. कधी येऊ?

दुपारी चार ते सहा. सकाळी साफसफाई आणि औषधं असतात. पिल्लांचा विभाग आधी दाखवतो, संसर्गाचा वॉर्ड बाहेरूनच. उलट्या क्रमाने नाही. घरी कुत्रं असेल तर जुन्या चपला घालून या आणि परत गेल्यावर त्या घराबाहेर ब्लीचच्या पाण्याने धुवा.